इथून नेलेलं तुमचंच

ऑफिसात तिला सगळे कपाटताई म्हणत. हे नाव तिला आवडतं, असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पण कुणी तशी हाक मारली की ती लगेच वळून बघायची, आणि खऱ्या नावाने हाक मारली की जरा उशिराने.

विमा कंपनीच्या त्या ऑफिसात ती आवक-जावकच्या टेबलावर बसे. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा आणि ज्याचं त्याच्याकडे पोचतं करायचं. बोलायला तिखट आणि स्वभावाने कष्टाळू. एकच खोड होती, तिला काही टाकून देववत नसे. घरात साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून नवी वडी करायची. नवरा म्हणायचा, "मी मेलो तर मलाही कुणाला तरी जोडून ठेवशील."

ऑफिसला नवीन साहेब आल्या. त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी पहिला हुकूम काढला तो कपड्यांचा. फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि लोकांसमोर बसणाऱ्याने वरून कोट. नवीन जागेसाठी मुलाखतीला येणाऱ्यानेसुद्धा कोट घालूनच यायचं. सगळे धावले ते स्वस्तातल्या दुकानांकडे. तिथले शर्ट असे की दोन धुण्यांत कॉलर मान टाकायची आणि तिसऱ्या धुण्यात रंग बाकीच्या कपड्यांना वाटून मोकळा व्हायचा. मग पुन्हा नवीन. ऑफिसच्या मागे एक नाला होता. त्याच्या तारेच्या कुंपणाला असे शर्ट अडकून फडफडायचे. वर्ष झालं तरी तसेच.

"कुजतही नाहीत मेले," ती म्हणायची. "कापड म्हणावं तर हे कापडच नाही. प्लास्टिकला बाह्या फुटल्यात नुसत्या."

बोलून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. जुन्या फायलींचं एक लोखंडी कपाट जिन्याखाली पडलं होतं, ते तिने मागून घेतलं. बिजागऱ्यांना तेल दिलं, आत दांडी बसवून घेतली आणि दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. 'कामावर घालायचे चांगले कपडे इथे आणा, इथून न्या. आणायला काही नसेल तरी न्या. इथून नेलेलं तुमचंच.'

पहिले काही दिवस त्यात फक्त थट्टा जमा झाली. कुणी एकटाच मोजा ठेवला, कुणी बनियन. रोखपाल सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, माझी बायको विचारतेय, कपाटात नवरा ठेवला तर चालेल का?" सगळे हसले. तीही हसली. पण घरी जाताना तिला एक गोष्ट कळून चुकली होती. चिंध्यांच्या शेजारी कुणी चांगला कपडा टांगत नाही. आधी तिथे काहीतरी भारी टांगायला हवं.

आणि भारी कपडे तिच्या माहितीत एकाच ठिकाणी होते. तिच्या घरच्या कपाटात, नवऱ्याचे.

नवरा वजनकाटे विकायचा. दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे. उंच, सरळ, केस मागे वळवलेले. "गिऱ्हाईक आधी आपल्याला तोलतं, मग काटा घेतं," असं तो म्हणायचा, आणि म्हणून कपड्यांच्या बाबतीत त्याने कधी हात आखडता घेतला नाही. जे घेतलं ते थोडं, पण अस्सल. एकेक शर्ट दहा-दहा वर्षं टिकलेला. मग बाजारात स्वस्तातले काटे आले आणि त्याची कंपनी बसली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण घेणार? अर्ज केले, लोकांना भेटला, हळूहळू भेटायचाही थांबला. पण कपडे त्याने सोडले नाहीत. सुटीच्या दिवशी सगळे बाहेर काढायचा, उन्हात धरायचा, ब्रश फिरवायचा, पुन्हा टांगायचा. घालायचा मात्र घरातली जुनी विजार.

तिने विचारलं, हे खरं आहे. "अहो, हे शर्ट नुसते लटकलेत. ऑफिसच्या कपाटात ठेवू का?"

तो ब्रशवरून नजर न काढता म्हणाला, "राहू दे."

'राहू दे'चा अर्थ ज्याला जसा हवा तसा घेता येतो. तिने घेतला तो असा, की त्याला वाद नको आहे. दुसऱ्या दिवशी तिने अगदी मागच्या रांगेतले शर्ट उचलले, त्याला दिसणार नाहीत असे.

कपाटाचं रूप पालटलं. तसे शर्ट शेजारी असताना बनियन ठेवायची कुणाची छाती होईना. पहिला शर्ट उचलला तो त्याच रोखपालाने, थट्टा करणाऱ्याने. मग लोक आपापल्या घरातलं चांगलं काढू लागले. कुणाचं वजन वाढलं, कुणाचं बाळंतपण झालं, कुणाचा मुलगा परदेशी गेला. कपडे येत आणि जात. जेवणाच्या सुटीत ती सुईदोरा घेऊन बसायची. रफू करायची, काजं करायची, उसवलेली शिवण घालून द्यायची. पोरीबाळी शेजारी बसून शिकायच्या. नवीन लागलेल्या एकीने तर चक्क सांगितलं, "ताई, पहिला पगार कपड्यांत गेला नाही, तो तुमच्यामुळे." इतक्या वर्षांत आवक-जावकच्या टेबलाशी कुणी असं बोललं नव्हतं. ते तिच्या डोक्यात भिनलं.

घरचं कपाट विरळ होत गेलं. नवऱ्याच्या ते लक्षात आलं नसेल, असं होणारच नव्हतं. पण तो बोलला नाही. उरलेले हँगर मात्र तो एकमेकांपासून लांब लांब सरकवून ठेवू लागला, म्हणजे रिकामं दिसू नये. तिने ते पाहिलं होतं. पाहूनही ती थांबली नाही.

ऑफिसच्या फाटकावर एक पहारेकरी होता. त्याला गेटभाऊ म्हणत. वय चाळिशीच्या पुढे, ताडमाड उंच, हात तर गुडघ्याला टेकतील असे. नोकरी करता करता त्याने बाहेरून परीक्षा दिल्या होत्या. आत कागदपत्रांच्या विभागात एक जागा निघाली आणि त्याचा अर्ज मंजूर होऊन मुलाखतीचं बोलावणं आलं. तो कपाटाशी आला. एकेक कोट घालून पाहिला. एकही त्याच्या खांद्याला पुरेना. एक तपकिरी होता, तोही कोपरापाशी संपल्यासारखा.

भोवती चारजण उभे होते. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमच्या मापाचा कोट आता उंटाकडेच मागा."

ती म्हणाली, "काही नको. तुमच्या मापाचा कोट माझ्याकडे आहे. मिळाला म्हणून समजा."

नवऱ्याच्या कपाटात आता एकच कोट उरला होता. राखाडी, लोकरीचा, आत मऊ अस्तर. एका अख्ख्या बाजारपेठेचे काटे त्याने एकट्याने बदलून दिले, त्या वर्षी शिवून घेतलेला. नवरा फिरायला बाहेर पडल्यावर तिने कोट चादरीत गुंडाळला. गुंडाळताना मनाशी म्हणाली, कोट तरी कुणाच्या अंगाला लागू दे. पण ते बोलणं तिने मनातही जरा घाईघाईनेच उरकलं.

गेटभाऊचे हात नवऱ्यापेक्षा लांब. तिने बाह्यांची दुमड उसवून कापड खाली सोडलं, जुन्या घडीची रेघ ओल्या फडक्याने दाबून दाबून काढली. राखाडी कोटाच्या तपकिरी बटणांतली दोन तडकली होती, म्हणून सगळीच काढून काळी लावली. कोट घालून गेटभाऊ काचेच्या दारासमोर उभा राहिला. रोज दुसऱ्यांसाठी उघडायचं तेच दार. त्यात तो स्वतःला बघत राहिला आणि टेबलांवरची माणसं उठून त्याला बघायला आली.

"ताई, मुलाखत झाली की आणून देतो," तो म्हणाला.

"कागद वाचलात ना दारावरचा?" ती म्हणाली. "नेलेलं तुमचंच."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती घरी आली तर नवऱ्याने दाढी केलेली. चेहरा असा उजळलेला की तिला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे.

"अगं, त्याचा फोन आला होता!"

"कुणाचा?"

"माझ्या हाताखाली शिकायला होता तो. काट्यातलं गुंतागुंतीचं काहीच जमायचं नाही त्याला, आठवतो? आता मोठाली दुकानं आहेत त्याची. म्हणाला, उद्या सकाळी या, तुमच्यालायक काम आहे. 'तुमच्यालायक' म्हणाला." एवढं बोलून तो कपाटाकडे वळला. "कोट कुठेय?"

"धुवायला दिलाय."

"न सांगता?"

"डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता."

तो तिच्याकडे बघत राहिला. "उद्यापर्यंत मिळेल?"

"मिळेल म्हटलं ना."

चप्पल पायातून निघालीच नव्हती. तशीच ती बाहेर पडली आणि गेटभाऊचं घर शोधत गेली. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं ते त्याच्या बायकोने. आत टेबलावर घोंगडी अंथरून कोट पसरलेला, त्यावर ओलं फडकं, बाजूला तापलेली इस्त्री.

"या ना ताई! आमच्या घरात रोज तुमचं नाव निघतं. बसा, चहा टाकते."

ती बसली नाही. गेटभाऊ आतून हात पुसत आला.

"भाऊ, कोट द्या," ती म्हणाली. "घरात अडचण झालीय."

बायको हसतच म्हणाली, "आत्ता? अहो, उद्या सकाळीच तर ह्यांची..." आणि मग तिचं हसू विरलं.

गेटभाऊने काही विचारलं नाही. बायकोला म्हणाला, "घडी घाल." तिने कोटाची घडी घातली, बाह्या आत घेऊन, अगदी नीट. कोट अजून गरम होता.

"तपकिरी कोट आहे कपाटात," ताई घाईने म्हणाली. "उद्या लवकर येते मी. बाह्या सोडून देते, खांद्याला थोडं उसवते. बसेल तुम्हाला."

"बघू." तो दारापर्यंत आला. "ताई, कागदावर काय लिहिलंय तुम्ही?"

तिने कोट छातीशी धरला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"बरं. सावकाश उतरा. जिन्यात दिवा नाही."

सकाळी तिला ऑफिसात लवकर जायचं होतं, पण नवऱ्याच्या हाताला ते सोडलेलं कापड लांब झालं असतं. अर्धा पंजा झाकला गेला असता. तो उठायच्या आत तिने दोन्ही बाह्या पुन्हा वर दुमडून शिवल्या. घाईत दुमड जरा जास्तच घेतली गेली. एवढ्यात उजाडलं. तपकिरी कोटाला हात लावायला वेळ उरला नाही.

नवऱ्याने कोट चढवला आणि आरशासमोर उभा राहून बटणं लावू लागला. एक लावलं. दुसऱ्यावर बोट थांबलं.

"धुवून बटणं काळी होतात?"

ती अंथरुणाची घडी घालू लागली.

"कोण घालत होतं?"

"गेटवरचे भाऊ. घातला नाही, घालून बघितला फक्त."

"बसला त्याला?"

"हो."

"मग त्याचाच की." तो बटणं लावत राहिला. "शर्ट गेले, मी म्हटलं, जाऊ दे. तुझं तिथे नाव होतंय, होऊ दे. कोट राहील असं वाटलं होतं. 'राहू दे' म्हणालो होतो मी."

"तुम्ही तीन वर्षांत एकदा तरी घातला का तो?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणून तर तो राहिला होता."

आणि तो गेला.

ती ऑफिसात पोचली तेव्हा फाटकावर बदलीचा माणूस होता. गेटभाऊ मुलाखतीला आत गेला होता, तपकिरी कोटात.

संध्याकाळी नवरा घरी आला तो हातात कोट आणि अंगात पोपटी रंगाचा टी-शर्ट. पाठीवर भलीमोठी अक्षरं, 'जुना काटा द्या, नवा न्या, पृथ्वी वाचवा.' कापड इतकं पातळ की आतला बनियन दिसत होता, आणि वास रबराच्या दुकानासारखा.

"हे काय?" ती म्हणाली.

"माझ्यालायक काम. दुकानाच्या दारात उभं राहून लोकांना बोलवायचं. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, काका, कोट कशाला घातलात? उकडेल. गिऱ्हाईक कोटाला बुजतं हल्ली."

"मग नाही म्हणालात?"

"हो म्हणालो."

"अहो, पण तुम्ही..."

"काय मी? पोशाख फुकट आहे, खराब झाला की दुसरा देतात. महिन्याला एक टाकायचा, एक घ्यायचा." कोट त्याने तिच्या मांडीवर ठेवला. "हा घेऊन जा तुझ्या कपाटात. ह्या वेळी विचारायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. ती आत गेली तेव्हा त्या मुलाखतीचे कागद बाजूला सारत होत्या. सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तुमचा तो गेटवरचा. हुशार आहे, उत्तरं सगळी बरोबर दिली. पण नीटनेटकेपणा शून्य. मनगटं उघडी, बटण लागत नाही, सारखा खांदे आवळून बसलेला. मी काय समजायचं? एवढं वर्षभर तुमचं कपाट आहे, त्यातून एक धड कोट घेता येऊ नये माणसाला?"

त्या वेळी बोलता आलं असतं. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. पण बोललं तर पुढे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि बाई तर एव्हाना दुसऱ्या विषयावर गेल्याही होत्या. कपाटाचं मुख्य कार्यालयाने कौतुक केलं होतं. कपड्यांची नासाडी टाळणारं आणि कर्मचाऱ्यांचा खर्च वाचवणारं ऑफिस म्हणून त्यांच्या मासिकात फोटो छापून येणार होता.

"एखाद्या गरजूला तुम्ही कोट देताय, असा फोटो हवाय," बाई म्हणाल्या. "त्या गेटवाल्यालाच बोलवा. उंच आहे, फोटोत उठून दिसेल."

"त्यांना नको, बाई."

"का?"

"लाजतात ते."

"त्यात लाजायचं काय? चांगलंच काम आहे."

ती दाराकडे वळली.

फोटोवाल्याने कपाटातला सगळ्यांत चांगला कोट मागितला. सगळ्यांत चांगला होता तो राखाडी. गेटभाऊला बोलावलं, तो आला. नोकरी होती, यावंच लागलं. तिने कोट पुढे धरला आणि त्याने हात घातले. बाह्या आता चांगल्याच आखूड होत्या.

"मनगटं दिसतायत," फोटोवाला म्हणाला. "हात जरा मागे घ्या. ताई, तुम्ही कॉलर नीट करा. हां. भाऊ, हसा."

गेटभाऊ हसला. ते हसू अगदी व्यवस्थित होतं. फाटकावर मोठ्या पाहुण्यांसाठी असायचं तसं.

सगळे गेल्यावर त्याने कोट काढला, खांदे सारखे करून हँगरला लावला आणि स्वतःच कपाटात टांगला.

"भाऊ, न्या ना तो," ती हळूच म्हणाली. "आता कुणी मागणार नाही. बाह्या पुन्हा सोडून देते."

"नेऊन काय करू? फाटकावर हाच लागतो," त्याने अंगातल्या खाकी शर्टाला चिमटीत धरलं. "आणि उद्या पुन्हा कुणाच्या घरात अडचण झाली तर? आमचा जिना चढून यायला त्रास होतो तुम्हाला."

आवाज चढवून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चढवून बोलला नाही, शिवाय रागही असा दिसला नाही. रोज सकाळी तो तिला दार उघडायचा, आधी उघडायचा तसंच. आधी मात्र "काय ताई, गुडघा कसाय?" असं विचारायचा. आता नुसतं दार.

मासिकात फोटो आला. दुसऱ्या शाखांमध्ये कपाटं झाली, इथल्या कपाटाला काचेची दारं बसली, तिने लिहिलेला कागद काढून छापील पाटी लागली. तिने किल्ली त्या शिकाऊ पोरींतल्या एकीकडे दिली. डोळ्यांचं कारण सांगितलं. सुईत दोरा तिला अजून पहिल्या खेपेला ओवता यायचा. कुणी विचारलं नाही. राखाडी कोट कधीतरी कुणीतरी नेला. कोणी, ते तिने चौकशी करून घेतलं नाही.

घरात बोलणं सुरू होतं, नाही असं नाही. मीठ कमी आहे, पाणी गेलंय, दार लाव. नवरा पोपटी शर्ट घालून सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. कपाट आता खरंच रिकामं होतं, आणि उरलेले हँगर सगळे एका कोपऱ्यात लोटलेले. तिने एकदा स्वतःच्या पैशांतून त्याला चांगला शर्ट आणला, जाड सुती, त्याच्या आवडीच्या निळ्या रंगाचा. त्याने घडी मोडली नाही. "कामावर चालत नाही," एवढंच म्हणाला.

निवृत्तीच्या आधी कधीतरी एकदा पत्र पोचवायला बाहेर पडली असताना ती नवऱ्याच्या दुकानावरून गेली. तो दारात उभा होता. एका म्हाताऱ्या बाईला काट्यावर उभं करून तिला काहीतरी सांगत होता, हातवारे करून, पूर्वी घरी येऊन गिऱ्हाइकांच्या नकला करायचा तसा. म्हातारी पोट धरून हसत होती आणि तोही हसत होता. तिने हे हसू कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याची मान वळायच्या आत तिने रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूने चालू लागली.